सहा वर्षांत पाच क्लब झालेला जावई

पत्र : ताई, आम्ही २२ वर्षं नॉर्थ कॅरोलिनात, केरीला आहोत. लेक २८ वर्षांची, डरममध्ये औषधांच्या संशोधनात काम करते. दोन वर्षांपासून तिचं एका अमेरिकन मुलाशी जमलंय. मुलगा २९चा, ओहायोतल्या लहानशा गावचा, वागायला गोड, माझ्या हातची आमटी मागून मागून खातो. पण करतो काय, तर बेसबॉल. तोही नाव असलेला खेळाडू नाही, रिलीफ पिचर म्हणे, म्हणजे मागाहून येऊन चेंडू टाकणारा. सहा वर्षांत पाच क्लब झाले. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, सगळे मिळून ३१ दिवस. लेक म्हणते ४३ व्हायला हवेत. ते ४३ काय आहे मला कळलं नाही. सध्या त्याच्या एक पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये आहे, उद्या कुठे असेल ते त्यालाच ठाऊक नाही. ह्यांचं म्हणणं, आधी खेळ सोडून नीट नोकरी धर, मग साखरपुड्याचं बोलू, अशी अट घालावी. लेक धड बोलत नाहीये. पुण्याहून सासूबाई रोज विचारतात, मुलगा काय करतो? काय सांगू? आणि करायचंच झालं तर लग्न मे महिन्यात, सगळ्यांच्या सुट्टीत करावं का? – एक आई, केरी

केरीच्या ताई,

अट घालू नका. उत्तर लांबणार आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. मुलगा पसंत नसेल तर तसं सरळ म्हणा, त्याला कोणी अडवलेलं नाही. पण ‘खेळ सोड, मग बघू’ हे तोंडातून काढू नका. का, ते पुढे येईलच. त्याआधी त्या पाच क्लबांचं बघू, कारण भाऊजींचं घोडं तिथेच अडलंय.

सहा वर्षांत पाच ठिकाणं म्हटलं की आपल्या मनात लगेच येतं, एक तर ह्याचं कुठे पटत नाही, नाहीतर कामात दम नाही. (भाऊजींनी इथे आल्यापासून किती कंपन्या बदलल्या, ते रागावणार नसतील तर एकदा मोजायला सांगा.) पण बेसबॉलमध्ये पहिली बरीच वर्षं क्लब बदलणं खेळाडूच्या हातातच नसतं. ज्याने करारबद्ध केलं त्याच्याशी सहा-सात वर्षं बांधलेलं राहायचं. मधेच त्यांनी दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं, तर बॅग भरून तिकडे हजर व्हायचं. ‘मला नाही जायचं’ म्हणायची सोय नाही, म्हटलंच तर घरी बसायचं. त्या पाचांपैकी त्याने स्वतः निवडलेले किती, असं लेकीला विचारा. बहुतेक एखादाच निघेल, शेवटचा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगार असत, तुमच्या माहेरी-सासरी कोणी असेल तर आठवेल. पास खिशात घालून पाळीच्या वेळेला गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर घरी परत. कित्येक जण वर्षानुवर्षं बदलीच राहिले, आणि त्यांच्या हातचं कापड कायमवाल्यांपेक्षा वाईट निघायचं असं काही नव्हतं. तुमचा होणारा जावई तसा बदलीवरचा पिचर आहे.

गेटवरचा हिशेब कसा चालतो ते सांगते, म्हणजे घरातल्या निम्म्या शंका मिटतील. सामना नऊ इनिंगांचा. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा इनिंग टाकतो, उरलेलं काम बुलपेनमधल्या सात-आठ जणांचं, म्हणजेच रिलीफ पिचरांचं. हे लोक मैदानाच्या टोकाला बसून असतात. फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा, आणि पुष्कळदा चेंडू न टाकताच पुन्हा बाकावर बसायचं. मेजर लीगच्या संघात एका वेळी २६ जण, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. आता समजा मंगळवारचा सामना लांबला आणि बुलपेन पार पिळून निघालं. बुधवारी ताज्या हाताचा माणूस हवा, पण यादीत जागा नाही. मग कोण खाली जातं? अनेकदा काल ज्याने दोन इनिंग छान टाकल्या, तोच. पुढचे दोन दिवस त्याचा हात चालणार नसतो आणि त्याला खाली पाठवायचा परवाना क्लबकडे असतो, एवढाच त्याचा गुन्हा. त्या परवान्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. क्लबच्या ४० जणांच्या यादीतल्या (संघातले २६ आणि वर बोलावता येतील असे बाकीचे) खेळाडूला साधारण तीन हंगाम असं वर-खाली करता येतं. २०२२ पासून एका हंगामात पाचदाच, असं बंधन आलं. त्याआधी तेही नव्हतं. एकदा खाली गेलेल्या पिचरला १५ दिवस तिथेच राहावं लागतं, वरचा कोणी जखमी झाला तरच लवकर बोलावतात.

तीन वर्षांचे ऑप्शन संपले की पुढची पायरी. तेव्हा खाली पाठवायचं तर आधी बाकी सगळ्या क्लबांना ‘हा कोणाला हवाय का’ असं विचारावं लागतं. त्यालाच वेव्हर्स म्हणतात. कोणी हात वर केला की आपला माणूस दुसऱ्या दिवशी वेगळ्याच शहरात, वेगळ्याच टोपीत. लेकीने ‘डीएफए’ हा शब्द घरात उच्चारला असेल तर तो ह्याचाच भाग. क्लबने यादीतून नाव काढलं, आता आठवड्याभरात त्याला विकायचं, द्यायचं किंवा सोडायचं. तो आठवडा घरात फार वाईट जातो. तेव्हा फोन करून ‘मग काय ठरलं?’ विचारू नका, त्यालाही माहीत नसतं.

ह्या सगळ्याचा कळस पाहायचा तर ऑलिव्हर ड्रेकचं २०१८ साल पाहा. मिलवॉकी ब्रूअर्स, क्लीव्हलंड, एंजल्स, टोरोंटो ब्लू जेज आणि मिनेसोटा ट्विन्स. एका हंगामात पाच मेजर लीग संघांकडून खेळलेला तो पहिलाच खेळाडू. तुमच्या मुलाला सहा वर्षं लागली ते ड्रेकने मे ते ऑगस्टमध्ये उरकलं. हा नौदल अकादमीत शिकलेला मुलगा, २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, ४३व्या फेरीत निवडलेला. आता ड्राफ्ट २० फेऱ्यांचाच राहिलाय, म्हणजे आजच्या नियमात त्याचं नावही पुकारलं गेलं नसतं. मेजर लीगमध्ये पहिला चेंडू टाकला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्या पाच संघांनंतर त्याला टॅम्पा बे रेजने घेतलं आणि पुढचे दोन हंगाम तो तिथे टिकला. रेजचाच ट्रिपल-ए संघ तुमच्या डरममध्ये खेळतो.

आता भाऊजी म्हणतील, खरोखर चांगला असता तर एकाने तरी धरून ठेवला असता. प्रश्न रास्त आहे. रिलीफ पिचरला काम इतकं थोडं मिळतं की एक वाईट संध्याकाळ महिन्याभराची कमाई धुऊन नेते. एका इनिंगचा तिसरा हिस्सा टाकला, म्हणजे एकच आउट घेतला, आणि तीन धावा गेल्या, तर त्या दिवशीची त्याची सरासरी, म्हणजे दर नऊ इनिंगांमागे गेलेल्या धावा, ८१ निघते. चांगली सरासरी तीन-साडेतीनच्या आसपास असते, यावरून समजून घ्या. सुरुवातीच्या पिचरला हे भरून काढायला शंभर-दीडशे इनिंग मिळतात, रिलीफवाल्याला जेमतेम पन्नास-साठ. त्यामुळे क्लबांनाही नक्की कळत नाही कोण चांगला आणि कोणाचं नशीब चांगलं, आणि मग ते सरळ माणसं बदलत राहतात. ऑक्टाव्हिओ डोटेल १९९९ ते २०१३ मध्ये १३ संघांकडून खेळला. २०११ चा हंगाम त्याने टोरोंटोत सुरू केला आणि संपवला तो सेंट लुइस कार्डिनल्सबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकून. लॅट्रॉय हॉकिन्स सुरुवातीचा पिचर म्हणून जमला नाही, बुलपेनमध्ये गेला आणि एकूण २१ हंगाम खेळला, ११ संघ, हजाराहून जास्त सामने. अगदी अलीकडचा अँथनी बांडा घ्या. २०२२ मध्ये एकाच वर्षात चार संघ, २०२४ च्या मे महिन्यात क्लीव्हलंडच्या ट्रिपल-एमधून डॉजर्सनी त्याला चक्क थोड्या रोख पैशांत उचललं, आणि त्याच ऑक्टोबरात तो वर्ल्ड सिरीज जिंकला.

पण ही नावं मी सांगते आहे ती त्यांना यश आलं म्हणून. ज्यांना आलं नाही त्यांची नावं कोणालाच माहीत नसतात, आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. २९ व्या वर्षी ३१ दिवस जमा असलेला मुलगा बांडा होण्यापेक्षा दोन-तीन वर्षांत खेळाबाहेर असण्याची शक्यता जास्त आहे. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. त्यालाही कोणी सांगायची गरज नाही, रोज रात्री तो ते आकडे तुमच्या-माझ्यापेक्षा नीट बघतो.

आणि म्हणूनच अट नको. हा धंदा माणसाला आपणहून सोडतो. मार्चच्या अखेरीस स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सरावात, एका सकाळी ऑफिसात बोलावतात, हात मिळवतात, घरी पाठवतात. दुसरीकडून फोन येतो का याची महिनाभर वाट पाहिली जाते, आणि फोन आला नाही की खेळ संपला. तुम्ही अट घालून जे साधणार, ते थोडं थांबलात तर तुमच्याशिवायही होण्याचा संभव बराच. फरक पुढे दिसेल. क्लबने सोडलं तर तो क्लबवर चिडेल आणि वर्षभरात विसरेल. तुमच्यासाठी सोडलं तर ४३ ला कमी पडलेले त्याचे बारा दिवस तुमच्या लेकीच्या संसारात कायमचे मुक्कामाला येतील. कुठल्याही भांडणात ते निघतील, आणि ऐकून घ्यायला तुम्ही नसाल, ती असेल.

ते ४३ दिवस म्हणजे पेन्शन. मेजर लीगमध्ये एवढे दिवस भरले की खेळाडूंच्या पेन्शनचा हक्क लागतो. ४३ दिवसांचं पेन्शन काही मोठं नसतं, पुढे जितके दिवस वाढतील तितकं वाढतं. तरी वर्षानुवर्षं बसमधून फिरलेल्या माणसाला तो आकडा गाठायचा असतो, त्यात मला काही वावगं दिसत नाही. लेकीला तो तोंडपाठ आहे, म्हणजे ह्या धंद्याचे व्यवहार तिला तुमच्यापेक्षा जास्त कळलेत. तिला भुललेली पोरगी समजू नका.

पैशाचं बोलायला हवं, कारण इथे अंतर प्रचंड आहे. मेजर लीगचा किमान पगार २०२६ साठी वर्षाला ७,८०,००० डॉलर आहे, पण तो दिवसांवर मिळतो. जितके दिवस वर, तितकाच. दिवसाला चार हजार डॉलर धरले तर त्याच्या ३१ दिवसांचे सव्वा लाखाच्या आसपास झाले असतील, कर आणि इतर कपाती जायच्या आधी. खाली ट्रिपल-एमध्ये २०२३ च्या करारात किमान आकडा वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला. मायनर लीगच्या, म्हणजे ट्रिपल-ए आणि त्याखालच्या पायऱ्यांवरच्या, खेळाडूंची संघटना झाली ती २०२२ मध्ये, आणि हा तिचा पहिलाच करार. त्याआधी तर लाजिरवाणी रक्कम मिळायची. अनुभवी खेळाडू वेगळा करार करून याहून बरंच जास्त घेतात, तुमचा मुलगाही घेत असेल. तरीसुद्धा घरातली भरवशाची मिळकत तुमच्या लेकीची असणार. भाऊजींना नेमकं हेच तर बोचत नाहीये ना, एवढं एकदा शांतपणे तपासा. बोचत असेल तर तो बेसबॉलचा प्रश्न नाही.

अटीऐवजी त्याला काही प्रश्न विचारा. आमटी वाढताना विचारा, चौकशी समिती बसवू नका. पहिला म्हणजे थांबायचं कधी, हे तू ठरवलंयस का? उत्तर कोणतंही असू द्या, वय, किंवा ‘एक अख्खा हंगाम वरून बोलावणं आलं नाही तर’, किंवा ‘पुन्हा कोपर गेलं तर’. उत्तर आहे एवढं पुरे. ‘बघू’ म्हणाला तर मात्र लेकीने काळजी करावी, आणि ती लेकीने, तुम्ही नाही.

दुसरं डिग्रीचं. पुष्कळ मुलं कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टमध्ये जातात आणि एक वर्ष राहून जातं. बऱ्याच जणांच्या पहिल्या करारात कॉलेजचा उरलेला खर्च क्लबने द्यायचा अशी तरतूद असते, पण खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं तरच. कित्येक जण कोचिंगच्या किरकोळ कामात ती मुदत घालवतात. त्याच्या करारात ही तरतूद आहे का, हे बघायला सांगा. तुमच्या घरातून त्याला मिळणारी ही सगळ्यात उपयोगी सूचना असेल, आणि शिक्षणाचा विषय आपण मराठी आईबाप जन्मजात काढू शकतो.

तिसरं, कोपर. शस्त्रक्रिया झाली आहे का, किती वेळा. कोपराचा फाटलेला लिगामेंट काढून तिथे दुसरीकडचा स्नायुबंध बसवायची ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर केली. तो त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. आज ती इतकी सर्रास होते की झाली असेल तर दचकू नका. पण परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तिशीच्या उंबरठ्यावर, दुसऱ्यांदा, ४० जणांच्या यादीत नसताना ती वेळ आली, तर बहुतेक तिथेच पूर्णविराम.

लेकीशी बोलायचं ते वेगळंच. एप्रिल ते सप्टेंबर, मंगळवार ते रविवार सामने, सोमवारी सुट्टी, ट्रिपल-एचे १५० सामने आणि त्यातले निम्मे बाहेरगावी. पुढच्या वर्षी तो टॅकोमाला असू शकतो, ओमाहाला, टोलिडोला, किंवा जपान-मेक्सिकोत. ती डरमची नोकरी सोडून मागे जाणार का? माझं मत विचाराल तर जाऊ नये, निदान तो खेळतोय तोवर. खेळाडू वर्षातून चार पत्ते बदलत असताना एक पत्ता पक्का असलेला बरा. पण ‘तू जाऊ नकोस’ असं तुम्ही म्हणालात तर ती हमखास जाईल, तेव्हा हे माझ्या नावावर खपवा.

आणि एकदा दोघं मिळून सामना बघायला जा. तुमचा मुलगा डरमकडून खेळतो की पाहुण्या संघातून येतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मैदान घरापासून अर्ध्या तासावर आहे. बुलपेन दिसेल अशी जागा घ्या. भाऊजी क्रिकेट बघणारे असतील तर त्यांना खेळ दोन इनिंगांत समजेल. तो त्या दिवशी खेळायला उतरेलच असं नाही. नाही उतरला तर घरी जाताना गाडीत ‘आज का नाही टाकलंस?’ हे विचारायचं नाही. रिलीफ पिचरच्या सासरवाडीला पाळायचा नियम एवढाच.

सासूबाईंना सांगा, मुलगा बेसबॉल खेळतो, त्याचा पगार घेतो, जगातल्या सगळ्यात वरच्या पातळीवर ३१ दिवस खेळून आलाय आणि आत्ता त्याच्या बरोबर एक पायरी खाली आहे. हे शंभर टक्के खरं आहे आणि ऐकायलाही भारदस्त वाटतं. ‘पण पुढे काय?’ असं त्यांनी विचारलंच, तर डिग्री पुरी करणार आहे म्हणा. मात्र त्याच्याशी ते बोलणं झाल्यावरच म्हणा.

राहिला मे महिना. तो विसरा. मे म्हणजे ऐन हंगाम. स्वतःच्या लग्नाला त्याला सोमवार मिळेल, आणि नेमका त्याच रविवारी वरून फोन आला तर तोही नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मोकळा होतो, फेब्रुवारीच्या मध्याला पिचरांना स्प्रिंग ट्रेनिंगला हजर व्हावं लागतं. म्हणजे तुळशीचं लग्न आटोपल्यावरचे मुहूर्त बघा, पौष मानत असाल तर तो लागायच्या आत. पुण्याच्या मंडळींना नाताळची थोडी रजा जोडून घेता येईल. फक्त हॉलचं डिपॉझिट भरण्याआधी त्याला विचारून घ्या, ह्या वर्षी हिवाळी लीग खेळायला डोमिनिकन रिपब्लिक किंवा मेक्सिकोला जाणार आहेस का. करार नसलेले पिचर पुष्कळदा जातात, आणि तिथला हंगाम नेमका डिसेंबरात रंगात असतो.